एका कोयत्यात दोन माणसं

प्रति,
मा. साखर आयुक्त,
महाराष्ट्र राज्य,
साखर संकुल, शिवाजीनगर, पुणे.

विषय : ऊसतोड कामगार स्त्रियांची नावे स्वतंत्रपणे नोंदवून त्यांची मजुरी त्यांच्याच खात्यात देण्याबाबत.

महोदय,

विषयाची ओळ सरकारी पत्रात असते तशी मुद्दाम लिहिली, कारण माझं मागणं एवढंच आहे. ते कुठून आलं आणि तुमच्याच दारात का आणलं, हे सांगायला बाकीचं पत्र. मी पदाला लिहिते आहे; त्या खुर्चीवर आज कोण आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. आणि उघड लिहिते आहे, कारण सकाळच्या चहात साखर घालणाऱ्या प्रत्येकानं ते वाचावं असं मला वाटतं.

मी बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड जोडप्याची मुलगी. दसरा झाला की आमच्या गावात घराघराला कुलपं लागायची. मागं राहायची ती म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी थोडी पोरं. माझे आई-वडील तेवीस हंगाम ऊस तोडायला गेले. आज मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत नोकरी करते. गाळप सुरू झालं की आमच्या शाखेसमोरून उसानं भरलेल्या गाड्या कारखान्याकडे जायला लागतात. रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांत बायका बसलेल्या असतात, डोईला फडकं, मांडीवर लेकरू. काचेच्या आत मी असते. मधे वीस पावलांचा रस्ता.

तो रस्ता मी ओलांडला आणि आईला ओलांडता आला नाही, असं का झालं याचा विचार नोकरी लागल्यापासून माझ्या डोक्यात आहे. हुशारी म्हणावी, तर आई तोंडी हिशेबात माझ्यापेक्षा तेज होती. कष्ट म्हणावेत, तर तिच्या एका दिवसाचे कष्ट मला आठवड्यातही झेपणार नाहीत. नशीब म्हणावं, तर बाराशे लोकांच्या गावात आठशे जणांचं नशीब एकसारखंच कसं, हे मला कुणी सांगितलेलं नाही. विचार करता करता मी दर वेळी एका वहीपाशी येऊन थांबते.

मी चौथीत होते. एरवी मी आजीजवळ गावी राहायची, पण त्या साली आजी आजारी होती म्हणून मला बरोबर नेलं होतं. माझं अक्षर चांगलं होतं. तळावर संध्याकाळी मुकादम मला कंदिलाशी बसवायचा आणि टोळीची वही लिहून घ्यायचा. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही. रकाने मीच पट्टीनं आखलेले : नाव, गाव, कोयता, उचल, खाडे. वडिलांच्या नावापुढं मी ‘कोयता १’ असं लिहिलं आणि विचारलं, “आन आईचं नाव?”

मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याला प्रश्नच कळला नाही. “आगं, त्यात आलीच की ती,” तो म्हणाला.

आई चार हातांवर चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. तिला ऐकू गेलं असणार. तिनं मान वर केली नाही. मी पुढचं नाव लिहायला घेतलं. पूर्ण टोळीची यादी माझ्या अक्षरात झाली. राबणाऱ्या बायका गड्यांइतक्याच होत्या, पण त्या वहीत एकाही बाईचं नाव नव्हतं.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम हंगामाआधी जोडीला एकगठ्ठा पैसे देतो, ती उचल. मग पाच-सहा महिने तोडलेल्या टनांतून ती फेडायची. एकटा गडी आला तर तो ‘अर्धा कोयता’. एकटी बाई आली तर तिला बहुतेक टोळ्यांत घेतच नाहीत. भाऊ, दीर नाहीतर मिसरूड फुटलेला मुलगा यांच्याशी तिची जोडी लावावी लागते. म्हणूनच आमच्याकडे पोरगं सतरा-अठराचं झालं की त्याचं लग्न उरकायची घाई होते. उचल पुऱ्या कोयत्याला मिळते, आणि कोयता पुरा करायला कुणाची तरी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी लागते. बीडमधल्या बालविवाहांवर भाषणं पुष्कळ झाली. त्यांची एक मुळी या हिशेबाच्या पद्धतीत आहे, हे मात्र क्वचितच बोललं जातं. माझी आई पंधराव्या वर्षी अशीच कोयता पुरा करायला आली.

तिचा दिवस मी त्या हंगामात डोळ्यांनी पाहिला. पहाटे तीनला उठून पाणी, भाकरी, लेकरांचं आवरणं. उजाडायच्या आत फडात. वडील बुडख्यापासून ऊस तोडत पुढं जायचे. आई मागून पाचट सोलायची, शेंडा उडवायची, वाढ्याचा पीळ घालून मोळी बांधायची, आणि मधेच हात मोकळा झाला की स्वतः कोयता चालवायची. दुपारून ट्रक आला की त्याला फळी लावायचे. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन त्या हलत्या फळीवरून वर चढायचं, टाकायची, उतरायचं, पुन्हा चढायचं. ट्रक रात्री अकराला आला तर रात्री अकराला. पाचटाच्या धारेनं तिच्या हातांवर इतक्या बारीक रेघा पडायच्या की पिठात मीठ कालवताना ती दात आवळायची. मला अजून तो चेहरा दिसतो.

या श्रमाचा दाम टनावर आहे. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के दरवाढ ठरली आणि दर टनामागे साडेतीनशे रुपयांच्या पुढं गेला. वाढ झाली, चांगलं झालं. जोडीनं मरमर करून दिवसात दोन टन तोडले तर सातशेच्या वर रुपये पडतात, दोन माणसांचे, बारा-चौदा तासांचे. त्यातले बाईचे किती? तो आकडा कुठंच निघत नाही. दर टनाला ठरतो, टन कोयत्याच्या नावे लागतो, कोयता नवऱ्याच्या नावे. बाईच्या घामाचा हिशेब नवऱ्याच्या नावाखाली बुडून जातो, आणि तो कुणाला चुकीचा वाटत नाही.

२०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरकाम करणाऱ्या बायका रोज सरासरी २८९ मिनिटं विनामोबदला घरकामात घालवतात आणि पुरुष ८८. माझ्या घरीही याहून फार निराळं नाही. चूल सगळ्याच बायकांची बिनपगारी असते. ऊसतोड बाईचं निराळेपण असं की चुलीपासून उठून ती जे बाजाराचं काम करते, ज्याचा दर ठरतो, ज्याच्यासाठी पुण्यात बैठका होतात, तेही तिच्या खात्यावर लागत नाही.

आता खाड्याविषयी. एक दिवस काम बुडालं की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. जोडीतलं एक माणूस पडलं की सहसा सगळा कोयता खाड्यात धरतात. म्हणजे बाईच्या पोटात दुखलं तर दंड नवऱ्यालाही. त्यामुळं तिचं आजारपण घरातल्या घरात गुन्हा होऊन बसतं. तळावर न्हाणी नाही, संडास नाही, पाणी टँकरचं नाहीतर कॅनॉलचं. पाळीच्या दिवसांत तेच ओलं फडकं, तीच मोळी, तीच फळी. अंगावरून जायला लागलं की बाई आधी लपवते, मग गोळ्या खाते, मग गावाकडं परतल्यावर दवाखाना गाठते.

माझ्या आईनं तिशीत पिशवी काढली. आमच्याकडे गर्भाशय म्हणत नाहीत, पिशवी म्हणतात. नाव असं साधं दिलं की काढून टाकणंही साधं वाटतं. डॉक्टरनं सांगितलं, आज नाही काढली तर उद्या कॅन्सर होईल. दुसरी तपासणी झाली नाही. ऑपरेशनचे पैसे मुकादमाकडून पुढच्या उचलीत घेतले. दसऱ्याला ती पुन्हा फडावर होती. नंतरच्या वर्षांत तिची हाडं दुखायला लागली, अंगाची आग व्हायला लागली, रात्री झोप उडाली. तिला वाटायचं कष्टानं होतंय. बाईचं अंग अकाली म्हातारं झालं की असंच होतं, हे मला खूप उशिरा कळलं.

ती एकटी नव्हती. २०१९ साली विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय आधीच्या दहा वर्षांत काढलेलं आढळलं. सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते ४९ वयोगटात, महाराष्ट्राचा आकडा शंभरात तीनदेखील नव्हता. चर्चा झाली, डॉक्टरांवर वचक बसवायचे उपाय झाले, ते हवेच होते. पण मला त्या अहवालाच्या बातमीत दुसरीच गोष्ट टोचली. पिशव्या मोजायला समिती नेमावी लागली, कारण त्या बायकांची कामगार म्हणून कुठंच नोंद नव्हती. नोंद असती तर आजारपणाची रजा मागता आली असती, विमा मागता आला असता, एका टोळीतल्या इतक्या जणी एकाच कारणानं दवाखान्यात का जातात हे कारखान्याला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच दिसलं असतं.

महोदय, मी स्वतःचं उदाहरण देते. माझी मुलगी झाली तेव्हा मला २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. २०१७ च्या दुरुस्तीनंतर तो माझा हक्क होता. अर्ज केला, मंजूर झाला. मी दुपारी बाळाला पाजत खिडकीत बसायचे आणि पहिल्या तारखेला पगार खात्यात यायचा. माझा स्वतःचा जन्म तळावरच्या कोपीत झाला. आई बाराव्या दिवशी फडात गेली आणि मला उसाच्या सावलीत पाचटावर निजवलं. आम्ही दोघी मायलेकी, दोघी बाळंतिणी. मधे तीस-बत्तीस वर्षं. मला जे मिळालं ते माझ्या शरीराला जास्त गरज होती म्हणून मिळालं नाही. माझं नाव पगारपत्रकावर होतं म्हणून मिळालं. वर्ग म्हणजे काय, हे मी पुस्तकात वाचलं होतं. रजेच्या त्या महिन्यांत ते मला नीट समजलं. एखाद्याचं दुखणं, बाळंतपण, म्हातारपण कुणीतरी हिशेबात धरतं आणि दुसऱ्याचं कुणी धरत नाही, माझ्या लेखी वर्गाचा अर्थ तो आहे. आणि आमच्या आयांच्या बाबतीत वर्गाच्या आत आणखी एक पायरी आहे. वडील गरीब होते, पण वहीत होते. आई त्यांच्या नावाआड होती.

हे असंच चालत आलं, असं कुणी म्हणेल. तसं नाही. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होती. सुकडी, तळहाताचे फोड, ऊन, सगळं ती सांगायची. पण सांगताना तिचा आवाज एका जागी बदलायचा. “मपलं नाव मष्टरावर व्हतं,” ती म्हणायची. जन्मभर तिला अमक्याची बायको, तमक्याची आई याच नावानं हाक आली. हजेरी घेणारा कारकून मात्र रोज सकाळी तिचं स्वतःचं नाव पुकारायचा आणि ती ‘हाय’ म्हणायची. मजुरी तिच्या अंगठ्यावर मिळायची. पुढं १९७७ मध्ये याच राज्यानं रोजगार हमीचा कायदा केला. दुष्काळात, उपाशी असताना, या राज्याला बाईचं नाव लिहिता आलं. साखरेच्या सुबत्तेत ते का येऊ नये? आजीचं नाव मस्टरवर, माझं पगारपत्रकावर, आणि मधल्या पिढीतली माझी आई तेवीस हंगाम कुठंच नाही.

आता तुमच्याकडेच का आले ते सांगते. हिशेब ठेवणं या राज्यात तुमच्या कार्यालयाइतकं कुणाला येत नाही. बँकेच्या खिडकीतून मी ते दर वर्षी पाहते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, मिळायला हवी. उशीर झाला तर १५ टक्के व्याज. ती थकवणाऱ्या कारखान्यावर तुम्ही महसुली वसुलीची कारवाई करता. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये दर ठरला होता, आणि कुठल्या शेतकऱ्याचा किती ऊस कुठल्या तारखेला काट्यावर गेला हे किलोपर्यंत सांगता येतं. ही शिस्त शेतकऱ्यांनी भांडून मिळवली आहे. माझं शेतकऱ्याशी भांडण नाही. दीड-दोन एकरांचा ऊसवालाही माझ्याच खिडकीशी कर्जाचा हप्ता पुढं ढकला म्हणून उभा असतो. मला एवढंच म्हणायचं आहे की एकच ऊस, एकच काटा, एकच पावती. पिकवणाऱ्याचं नाव त्या पावतीशी पक्कं बांधलेलं आणि तोडणारीचं सुटलेलं, हे दोन्ही एकाच व्यवस्थेनं केलेलं आहे.

कारखाने म्हणतात, तोडकरी आमचे कामगार नव्हेत, मुकादमाचे नाहीतर वाहतूकदाराचे. पण तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून कापून घेतो तो कारखानाच. ज्याच्या हिशेबातून मजुरीचे पैसे जातात त्याला मजूर माहीत नाही, हे बँकेतली कारकूनसुद्धा मान्य करणार नाही. महामंडळही झालं आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे दहा रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच शासनानं द्यायचं ठरलं. निधी टनावर गोळा होतो. तो पोचवायचा कुणाला, हे कळायला मात्र माणसांची यादी लागते, आणि त्या यादीत बाई स्वतःच्या नावानं हवी. १९६९ मध्ये महाराष्ट्रानं माथाडींसाठी कायदा केला तेव्हा टोळीतल्या प्रत्येक हमालाला नोंदणी मिळाली, मंडळ मिळालं, भविष्यनिर्वाह निधी मिळाला. फळीवरून डोक्यावर मोळी चढवणारी बाई माथ्यावरच ओझं वाहते, तिचं काम त्याहून वेगळं कुठं आहे?

दुसरी अडचण सांगितली जाते ती खात्यांची. फिरती माणसं, बायकांची खाती कुठं? या अडचणीचं उत्तर शासनानं स्वतःच दिलं आहे. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली आणि काही महिन्यांत राज्यभरच्या कोट्यवधी बायकांची आधार जोडलेली खाती सापडली. माझ्या आईचंही सापडलं. पहिले पैसे आले तेव्हा ती माझ्याकडेच होती. मी तिचं पासबुक मशीनमध्ये घातलं. कागद बाहेर आला तसा तिनं तो हातात घेतला आणि अक्षर ओळखीचं नसूनही पहिल्या पानावर बोट ठेवून विचारलं, “ह्ये मपलं नाव?” मी हो म्हटलं. मग तिनं विचारलं, पैसे कशाचे. मी योजना सांगितली. ती बराच वेळ पासबुकाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “तेवीस साल ऊस तोडला, त्याचं आसं काही निघत न्हाई का गं बँकेत?”

मी बँकेत पंधरा वर्षं काम करते. वारसाची ठेव, बंद पडलेलं खातं, हरवलेली पावती, काहीही विचारलं तरी कुठं शोधायचं ते मला ठाऊक असतं. आईच्या प्रश्नाला मला एकही रजिस्टर आठवेना.

तिसरी शंका माझ्या स्वतःच्या मनातली आहे आणि तिनं मला बरीच वर्षं हे पत्र लिहू दिलं नाही. बाईचं नाव करारात आलं तर उचलीचं कर्जही तिच्या नावावर येईल. आपणच तिच्या गळ्यात दोर टाकतो आहोत का? मग मला गावातल्या विधवा आठवल्या. नवरा मेला, उचल फिटलेली नव्हती, आणि मुकादम तिसऱ्या दिवशी दारात. पुढच्या हंगामात ती बाई पोराला जोडीला घेऊन फडात. म्हणजे कर्ज आजही तिचंच आहे, तेही पूर्ण. तिच्या नावावर नाही ती फक्त कमाई. लिहिलेलं कर्ज निदान निम्मं तरी असेल, त्याच्यासमोर तोडलेले टन लिहिलेले असतील, आणि किती फिटलं हे तिला कुणापुढं हात न जोडता कळेल. तोंडी हिशेबात तेज असलेल्या माझ्या आईला वही कधी दाखवली गेली नाही; दाखवली असती तर तिनं चुका काढल्या असत्या, याची मला खात्री आहे.

म्हणून माझी मागणी चार कलमांत मांडते. त्यातलं पहिलं कलम तरी पूर्णपणे आपल्या हातातलं आहे, कारण दर हंगामाला गाळप परवाना आपणच देता.

१. गाळप परवान्याच्या अटींत ही अट घाला : कारखान्याकडे येणाऱ्या प्रत्येक तोडकऱ्याची यादी माणूस धरून असेल, कोयता धरून नव्हे. प्रत्येक बाई स्वतःच्या नावानं, स्वतःच्या आधार क्रमांकानं. यादी आली नाही तर परवाना अडावा, जसा तो थकबाकीसाठी अडतो.

२. उचलीचा करार लेखी असावा आणि त्यावर दोघांची नावं असावीत. एक प्रत मुकादमाकडं, एक कारखान्याकडं, एक जोडीकडं. एकट्या बाईला स्वतंत्र कामगार म्हणून घेण्यास कुणी नकार देऊ नये.

३. उचल आणि हंगामाचं बिल दोन खात्यांत निम्मं निम्मं जमा व्हावं. एफआरपीसाठी जी यंत्रणा चालते तीच वापरा. आमच्या बँकेला एका ओळीच्या ठिकाणी दोन ओळी लिहायला कष्ट पडत नाहीत.

४. आजारपण, पाळी आणि बाळंतपण यांचा खाडा धरणं बंद व्हावं, आणि बाळंतपण हंगामात आलं तरी बाईला रजेचे पैसे महामंडळाच्या निधीतून मिळावेत. तळावर न्हाणी, संडास आणि प्यायचं पाणी नसेल तर त्या तळावरून तोड सुरू होऊ नये.

हे सगळं आत्ताच का, तेही सांगते. हार्वेस्टर येत आहेत. शासन त्यांना अनुदान देतं, आणि आईनं सोसलं ते कुणी सोसू नये असं वाटणाऱ्या मला मशीनचा राग नाही. पण गिरणी बंद पडते तेव्हा कामगाराकडं निदान हजेरीकार्ड असतं. त्यावर तो देणं मागतो, पोरासाठी काही मागतो. उद्या फडात मशीन उतरलं की लाखो बायका एका हंगामात घरी बसतील, आणि त्या कधी कामाला होत्या याचा एक कागद त्यांच्याजवळ नसेल. त्यांना काढलं असंही म्हणता येणार नाही, कारण त्या कधी लागलेल्याच नव्हत्या. नाव लिहायला जे थोडे हंगाम उरले आहेत, ते हेच.

महाराष्ट्रात आता १ मे २०१४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लिहितात. माझ्या मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर माझं नाव आहे. आईनं तो दाखला मला दोनदा वाचून दाखवायला लावला.

चौथीतली ती वही आता नसेल. पाण्यानं, वाळवीनं कधीच गेली असेल. पण तिच्यातला मोकळा रकाना माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, कारण तो मी आखला होता आणि मीच पुढं गेले. आईचं नाव मी या पत्रात जाणूनबुजून लिहिलेलं नाही. छापील पानावर येऊन त्या नावाचं काही भलं होणार नाही. दोन दिवस लोक हळहळतील आणि रद्दीत जाईल. ते नाव आणि तिच्यासारख्या सगळ्या जणींची नावं साखर संकुलातल्या नोंदीत हवी आहेत, टनांच्या आणि तारखांच्या शेजारी. यादी लिहायला माणूस कमी पडत असेल तर कळवा. माझं अक्षर अजून चांगलं आहे, आणि या वेळी मी कुणाचं नाव गाळणार नाही.

आपली नम्र,
एका पूर्ण कोयत्याची मुलगी